विवाल्डीचें धर्मसंगीत : तुरीन व ड्रेस्डेन येथील दोन दप्तरें

१

जुन्या कागदांचा व्यासंग करणारांस दोन अनुभव वारंवार येतात. भाऊबंदांच्या वाटणींत एकाच दप्तराचे दोन तुकडे होतात, ते दोन गांवीं जातात, आणि प्रत्येक तुकडा दुसऱ्यावांचून मुका होऊन बसतो, हा पहिला. बाडाच्या पहिल्या पानावर जें नांव लिहिलेलें असतें तें ग्रंथकर्त्याचें म्हणून पिढ्यान्‌पिढ्या चालत येतें, आणि आंतील मजकूर मात्र निराळीच साक्ष देत असतो, हा दुसरा. हे दोन्ही अनुभव इटलींतील एका संगीतकाराच्या कागदांच्या बाबतींत ठळकपणें आलेले आहेत. विषय परदेशचा व संगीताचा असला तरी त्यांतील प्रश्न आपल्या त्रैमासिकाच्या वाचकांस परके नाहींत, म्हणून तो हकीगतीसह येथें मांडण्याचें योजिलें आहे.

अंतोनियो विवाल्डी हें त्या संगीतकाराचें नांव. आज तें युरोपांत सर्वतोमुखीं आहे. परंतु त्याचें बहुतेक धर्मसंगीत, म्हणजे ख्रिस्ती उपासनेसाठीं रचलेलीं स्तोत्रें, त्याच्या मृत्यूनंतर सुमारें दोनशें वर्षें कोणाच्या कानीं पडलें नव्हतें. त्यांतील कांहीं रचना तर आमच्या डोळ्यांदेखत, म्हणजे इ. स. २००३ व २००५ या सालीं, दुसऱ्याच्या नांवाखालून सोडविण्यांत आल्या. हें कसें घडलें तें पाहिलें म्हणजे तीन गोष्टी सिद्ध होतात असें आमचें मत आहे. पहिल्या पानावरील नांव हा पुरावा नव्हे, तो केवळ दावा होय. त्या दाव्याची पारख बाडाच्या अंतरंगावरून व त्याच्या सोबतच्या कागदांवरून करावी लागते. आणि हस्तलिखित संगीताचें असेल तर, ज्या वाद्यांसाठीं व कंठांसाठीं तें लिहिलें गेलें त्यांच्याकरवीं तें वाजवून व गाऊन घेतल्यावांचून त्याचें वाचन पुरें होत नाहीं.

२

विवाल्डीचा जन्म व्हेनिस येथें ता. ४ मार्च १६७८ रोजीं झाला. इ. स. १७०३ सालीं त्यानें धर्मोपदेशकाची दीक्षा घेतली. केंस तांबूस असल्यामुळें लोक त्याला ‘तांबडा पाद्री’ म्हणत. त्याच सालीं पिएता नांवाच्या अनाथाश्रमांत त्याची फिडल शिकविण्याच्या कामावर नेमणूक झाली. व्हेनिसांत त्या काळीं अशा प्रकारच्या चार मोठ्या धर्मादाय संस्था होत्या, व त्या चारही आपल्या गायनवादनाबद्दल सर्व युरोपांत प्रसिद्ध होत्या. पिएतेंत आईबापांनीं टाकलेलीं अर्भकें वाढविलीं जात. त्यांतील गळा व हात चांगला असलेल्या मुलींस संगीताचें शिक्षण मिळे. त्या देवळांतील सज्जांत जाळीच्या आड उभ्या राहून गात व वाजवीत, आणि परगांवचे राजपुत्र व प्रवासी त्यांना ऐकण्यासाठीं मुद्दाम येत.

या मुलींस कुळाचें नांव नसे. म्हणून त्यांच्या नांवापुढें त्यांचें वाद्य किंवा त्यांचा आवाज लावण्याची चाल होती. त्यांतील सर्वांत नामांकित वादिका अन्ना मारिया ही कागदोपत्रीं ‘अन्ना मारिया दाल व्हियोलीन’ अशी आढळते. कांहीं मुलींच्या नांवापुढें ‘दाल तेनोर’ व ‘दाल बास्सो’, म्हणजे पुरुषी समजल्या जाणाऱ्या खालच्या सुरांचीं पदें आहेत. ही बाब वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. तिचा उपयोग पुढें होणार आहे.

पिएतेंत धर्मसंगीत रचण्याचें काम मूळचें विवाल्डीचें नव्हे. तें गायकवृंदाचा प्रमुख फ्रान्चेस्को गास्पारीनी याचें होतें. इ. स. १७१३ सालीं गास्पारीनी रजेवर गेला तो परत आला नाहीं, आणि तें काम विवाल्डीकडे आलें. जून १७१५ मध्यें संस्थेच्या चालकांनीं त्याला पन्नास डुकाट बक्षीस दिल्याचा ठराव आहे. त्यांत एक संपूर्ण मिस्सा, एक सायंप्रार्थनेचा संच, एक ओरातोरियो व तीसहून अधिक लहान भक्तिगीतें त्यानें पुरविल्याचें नमूद आहे. त्याचें ‘यूदिता त्रिउंफान्स’ हें धर्मनाट्य इ. स. १७१६ सालचें असून, तुर्कांविरुद्ध व्हेनिसनें मिळविलेल्या विजयाच्या प्रसंगाशीं तें निगडित आहे. त्यांतील सर्व भूमिका, पुरुषांच्या धरून, आश्रमांतील मुलींनींच गाइल्या.

म्हातारपणीं विवाल्डीचें नशीब फिरलें. लोकांची आवड बदलली. नेपल्सकडील नवी पद्धत पुढें आली. इ. स. १७४० सालीं तो व्हेनिस सोडून व्हिएन्नास गेला व तेथेंच ता. २८ जुलै १७४१ रोजीं वारला. त्याचें दफन अगदीं साध्या खर्चांत झालें. त्याचे कागद मात्र व्हेनिसांत राहिले.

३

या कागदांचा पुढील प्रवास असा. इ. स. १७४५ च्या सुमारास ते याकोपो सोरांझो या व्हेनिसच्या सरदाराच्या संग्रहांत दिसतात. हा मोठा ग्रंथप्रेमी होता. त्याच्यामागें त्याचा संग्रह विस्कळित झाला, व त्यांतील बराच भाग मात्तेओ लुइजी कानोनिची या पाद्री संग्राहकानें मिळविला. कानोनिचीचीं हजारों हस्तलिखितें इ. स. १८१७ सालीं ऑक्सफर्ड येथील बॉडलियन ग्रंथालयानें घेतलीं, तेव्हां विवाल्डीचीं बाडें त्यांत असतीं तर हा लेख लिहिण्याचें कारणच पडलें नसतें. परंतु तत्पूर्वींच तीं काउंट जाकोमो दुराझ्झो याच्याकडे गेलीं होतीं. हा जेनोव्हाच्या एका थोर घराण्यांतला पुरुष. तो व्हिएन्नाच्या बादशाही नाट्यगृहांचा व्यवस्थापक होता, आणि पुढें इ. स. १७६४ पासून वीस वर्षें व्हेनिसांत ऑस्ट्रियाचा वकील होता. त्याच्यापासून तीं बाडें त्याच्या घराण्यांत चालत राहिलीं आणि हळूहळू तीं कोणाचीं व कशाचीं हेंही विसरलें गेलें.

पुढें दुराझ्झो घराण्यांत दोघां भावांमध्यें संग्रहाची वाटणी झाली. मार्चेल्लो या भावानें आपला हिस्सा पिएमोंत प्रांतांतील बोर्गो सान मार्तीनो येथील सालेशियन पंथाच्या विद्यालयास ठेविला. दुसरा हिस्सा फ्लाव्हियो या भावाकडे राहून त्याच्या वंशांत जेनोव्हा येथें गेला.

इ. स. १९२६ सालीं विद्यालयास इमारतीच्या कामासाठीं पैशाची गरज लागली, म्हणून जुनीं पुस्तकें विकण्याचा विचार झाला. किंमत ठरविण्यासाठीं तुरीन येथील राष्ट्रीय विद्यापीठ-ग्रंथालयाचे प्रमुख लुइजी तोर्री यांस विचारण्यांत आलें, व तोर्रींनीं तें काम तेथील विद्यापीठांतील संगीतेतिहासाचे अध्यापक आल्बेर्तो जेंतीली यांच्यावर सोंपविलें. पेट्या उघडल्या तेव्हां ९७ बाडें निघालीं. त्यांपैकीं चौदांत विवाल्डीच्या रचना होत्या, आणि त्यांतील पुष्कळ त्याच्या स्वतःच्या हातच्या होत्या.

आतां अडचण पैशाची. हें ग्रंथालय जानेवारी १९०४ च्या आगींत होरपळून निघालेलें होतें. त्या एका रात्रींत त्याचीं अनेक अमोल हस्तलिखितें जळून गेलीं होतीं. तें सरकारी असल्यानें बाडें विकत घेण्याइतका निधि त्याच्यापाशीं नव्हता, आणि बातमी फुटली असती तर व्यापाऱ्यांनीं एकेक बाड वेगळें करून परदेशीं विकलें असतें. तेव्हां जेंतीलींनीं तुरीनमधील रोबेर्तो फोआ नांवाच्या धनिकास गांठलें. फोआंचा लहान मुलगा माउरो नुकताच वारला होता. त्याच्या स्मरणार्थ त्यांनीं सर्व संग्रह विकत घेऊन इ. स. १९२७ सालीं ग्रंथालयास अर्पण केला.

येथें दुसरा कोणी असता तर कार्य झालें असें समजून थांबला असता. जेंतीली थांबले नाहींत. बाडांचे क्रम तुटक आहेत व हा संग्रह मूळच्या संग्रहाचा केवळ एक भाग आहे, हें त्यांच्या ध्यानांत आलें. म्हणजे वाटणी झालेली आहे व दुसरा वांटेकरी कोठें तरी असला पाहिजे, असें त्यांनीं अनुमान केलें. देणगी कोणाकडून आली याचा माग काढीत काढीत ते जेनोव्हाच्या दुराझ्झोंपर्यंत पोंचले. तेथील वृद्ध वारस जुझेप्पे मारिया दुराझ्झो हे सहजासहजीं वश होणारे नव्हते. मार्क्विस फाउस्तीनो कुर्लो यांच्या मध्यस्थीनें बोलणें होऊन अखेर ते विकण्यास राजी झाले. पुन्हां पैशाचा प्रश्न आला, आणि पुन्हां तो एका बापाच्या दुःखानें सुटला. फिलिप्पो जोर्दानो या कापडाच्या कारखानदारानें आपल्या बालवयांत वारलेल्या रेंझो या मुलाच्या स्मरणार्थ इ. स. १९३० सालीं दुसरा हिस्सा घेऊन ग्रंथालयास दिला. अशा रीतीनें विवाल्डीचीं एकंदर २७ बाडें, म्हणजे सुमारें साडेचारशें रचना, पुन्हां एका छपराखालीं आलीं. तीं आजही ‘माउरो फोआ’ व ‘रेंझो जोर्दानो’ या दोन बाळांच्या नांवांनींच ओळखलीं जातात.

ज्यानें हें घडवून आणलें त्याचें पुढें काय झालें तेंही लिहून ठेवणें आम्हांस योग्य वाटतें. जेंतीली हे यहुदी होते. इ. स. १९३८ सालच्या वंशभेदाच्या कायद्यांनीं त्यांचें विद्यापीठांतील पद हिरावून घेतलें. ज्या बाडांचा शोध त्यांनीं लावला त्यांचें संपादन करण्याचा मार्ग ऐन वेळीं त्यांना बंद झाला.

४

सप्टेंबर १९३९ मध्यें, महायुद्ध सुरू होऊन तीन आठवडे झाले नाहींत तोंच, सिएना येथील किजाना संस्थेनें केवळ विवाल्डीला वाहिलेला संगीतोत्सव भरविला. त्याचा सूत्रधार आल्फ्रेदो कासेल्ला हा संगीतकार होता. कवि एझ्रा पाउंड व फिडलवादिका ओल्गा रज यांनीं राहूनराहून या कामाची खटपट केली होती. त्या उत्सवांत तुरीनच्या बाडांतील ‘ग्लोरिया’ व ‘स्ताबात माटेर’ हीं स्तोत्रें गाइलीं गेलीं. ‘ग्लोरिया’ हें स्तोत्र आज जगांतील सर्वाधिक गाइल्या जाणाऱ्या धर्मगीतांपैकीं एक आहे. त्या दिवशीं तें जणूं थडग्यांतून उठून आलें.

परंतु कासेल्लानें तें जसें लिहिलें होतें तसें दिलें नाहीं. आपल्या काळच्या अभिरुचीस रुचेल अशा रीतीनें त्यानें त्यांत फेरफार केले होते. जुन्या बखरीची भाषा ‘सुधारून’ छापण्याची हौस आपल्याकडेही होती, तिचाच हा युरोपीय भाऊ म्हणावयाचा. मुळाबरहुकूम पाठ लोकांपुढें येण्यास इ. स. १९५७ साल उजाडावें लागलें.

दरम्यान इ. स. १९४७ सालीं अंतोनियो फान्ना यानें विवाल्डीच्या रचना छापण्यासाठीं एक संस्था काढली. तिच्या संपादनाची धुरा जान फ्रान्चेस्को मालिपिएरो या संगीतकारानें वाहिली, व वाद्यसंगीताचे पांचशेंहून अधिक भाग प्रसिद्ध झाले. पुढें ही संस्था व्हेनिस येथील चीनी प्रतिष्ठानांत विलीन झाली. डेन्मार्कचे विद्वान् पेटर रीओम यांनीं सर्व रचनांची सूची केली. आतां प्रत्येक रचना तिच्या सूचीक्रमानें ओळखली जाते. उदाहरणार्थ, वर सांगितलेल्या ‘ग्लोरिया’चा क्रम ५८९ आहे.

सबंध दप्तर एकत्र राहण्याचा उपयोग काय, तें याच ‘ग्लोरिया’वरून सांगतां येईल. तिचा शेवटचा भाग, ज्यांत एकामागून एक आवाज तेंच सूत्र घेऊन धांवत येतात, तो विवाल्डीचा नव्हेच. तो जोव्हान्नी मारिया रुज्जेरी नांवाच्या दुसऱ्या संगीतकाराच्या इ. स. १७०८ सालच्या रचनेवरून घेतला आहे. हें कळलें कसें? रुज्जेरीच्या त्या रचनेची प्रत विवाल्डीच्या स्वतःच्या कागदांत सांपडली. नुसता ‘थोर पुरुषाच्या हातचा मजकूर’ निवडून घेऊन बाकीचीं ‘परक्यांचीं पानें’ जर कोणी विकून टाकलीं असतीं, तर हा संबंध कायमचा लोपला असता. त्या काळीं दुसऱ्याची कृति घेऊन तीवर काम करणें हा दोष समजला जात नसे. म्हणून येथें चोरीचा आरोप करण्याचें कारण नाहीं. परंतु ग्रंथकर्तृत्वाचा प्रश्न सोडविणारें कागद बहुधा बाडांतील सर्वांत दुर्लक्षित कागद असतात, एवढें मात्र यावरून लक्षांत ठेवावें.

५

आतां दुसऱ्या दप्तराकडे वळूं. जर्मनींतील ड्रेस्डेन हें सॅक्सनीच्या राजांचें राजधानीचें शहर. तेथील दरबार कॅथलिक पंथाचा असून त्याच्या देवळासाठीं इटलींतून संगीत मागविण्याचा प्रघात होता. विवाल्डीचा व या शहराचा संबंध जुना आहे. तेथील वादकप्रमुख योहान गेओर्ग पिसेंडेल हा इ. स. १७१६–१७ मध्यें व्हेनिसांत राहून विवाल्डीपाशीं शिकला होता आणि त्यानें गुरूच्या अनेक रचना आपल्याबरोबर नेल्या. सॅक्सनीचा युवराज फ्रीड्रिख ख्रिस्तियान व्हेनिसास आला असतां ता. २१ मार्च १७४० रोजीं पिएतेंत त्याच्यासाठीं जलसा झाला. त्या जलशांतील विवाल्डीच्या रचनांची प्रतही ड्रेस्डेनला गेली. म्हणजे या शहरांत विवाल्डीचे अस्सल व निर्विवाद कागद पूर्वींपासून होते.

इ. स. १७५० नंतरच्या दशकांत याच दरबारानें व्हेनिसच्या जुझेप्पे बाल्दान या नकलनविसाकडून धर्मसंगीताच्या पुष्कळ नकला विकत घेतल्या. बाल्दान स्वतः पाद्री होता व त्याचा नकला करून विकण्याचा मोठा धंदा होता. त्या वेळीं व्हेनिसांत चलती बाल्दास्सारे गालुप्पी याची होती. हा इ. स. १७०६ सालीं बुरानो बेटावर जन्मला, म्हणून त्याला ‘बुरानेल्लो’ म्हणत. पुढें तो सान मार्कोच्या देवळाचा संगीतप्रमुख झाला. विवाल्डीला मरून दहा-पंधरा वर्षें झालेलीं होतीं व त्याच्या नांवाला बाजारांत किंमत नव्हती. तेव्हां बाल्दानानें विवाल्डीच्या कांहीं स्तोत्रांच्या प्रती करून पहिल्या पानावर गालुप्पीचें नांव घातलें आणि त्या गालुप्पीच्या म्हणून दरबारास विकल्या. विवाल्डीचे पुतणे-भाचे नकलनविसीच्या धंद्यांत होते. त्यांच्याकडून हे कागद बाल्दानाच्या हातीं आले असावेत, असा संशोधकांचा तर्क आहे व तो आम्हांस सयुक्तिक वाटतो.

हें कृत्य लबाडीचें होय, यांत संशय नाहीं. परंतु त्याचा एक विपरीत उपकार असा कीं, ज्या रचनांचें मूळ हस्तलिखित आज कोठेंही नाहीं, त्या या खोट्या नांवाच्या आश्रयानें राजाच्या कपाटांत सुरक्षित राहिल्या. इ. स. १९४५ च्या बाँबवर्षावांत ग्रंथालयाची इमारत उद्ध्वस्त झाली, तरी त्याच्या संगीतसंग्रहाचा मोठा भाग बचावला.

६

अडीचशें वर्षें ‘गालुप्पी’ म्हणून सूचींत नोंदलेल्या या रचनांपैकीं तीन आतां विवाल्डीच्या ठरल्या आहेत : ‘बेआतुस व्हिर’ (क्रम ७९५), ‘निसि दोमिनुस’ (क्रम ८०३) व ‘दीक्सित दोमिनुस’ (क्रम ८०७). दुसरीची ओळख इंग्लंडांतील लिव्हरपूल विद्यापीठाचे मायकेल टॅलबट यांनीं इ. स. २००३ मध्यें, व तिसरीची ऑस्ट्रेलियांतील मेलबर्न विद्यापीठाच्या जॅनिस स्टॉकिग्ट यांनीं इ. स. २००५ मध्यें पटविली. स्टॉकिग्टबाई त्या वेळीं ड्रेस्डेनच्या दरबारी देवळांतील उपासनासंगीताचा अभ्यास करीत होत्या. विवाल्डीचा शोध घेणें हा त्यांचा मूळ हेतूही नव्हता. पुराव्याची जात कशी आहे तें वाचकांनीं स्वतः पाहावें.

‘बेआतुस व्हिर’ : या स्तोत्राचें विवाल्डीनें केलेलें दुसरें रूप, क्रम ५९७, तुरीनच्या बाडांत आहे. तें दोन गायकवृंदांसाठीं आहे. ड्रेस्डेनची ‘गालुप्पीची’ प्रत ताडून पाहिली असतां ती त्याच रचनेची एका वृंदासाठीं केलेली नवी मांडणी आहे असें दिसून आलें. तुरीनचें दप्तर जागेवर नसतें तर ही तुलना झालीच नसती. एका दप्तरानें दुसऱ्या दप्तरावरील खोटा शिक्का उघडा पाडला.

‘निसि दोमिनुस’ : हिच्यांत एकल कंठ सर्व स्त्रियांचे आहेत, व वाद्यें अशीं योजिलीं आहेत : व्हियोला दामोरे, जींत वादनाच्या तारांखालीं अनुनाद देणाऱ्या वेगळ्या तारा असतात, शाल्युमो, जी आजच्या क्लॅरिनेटची पूर्वज, आणि ‘त्रोंबा मारीनाच्या तऱ्हेचें’ फिडल, म्हणजे त्रोंबा मारीना या एकतारी, खरखरीत आवाजाच्या जुन्या वाद्याची नक्कल करण्यासाठीं फेरफार केलेलें फिडल. ही शेवटची चीज फार दुर्मिळ होय. आतां ‘यूदिता त्रिउंफान्स’ पाहावी : तींत व्हियोला दामोरे आहे व शाल्युमोही आहे. आणि इ. स. १७४० च्या जलशांत युवराजापुढें वाजविलेली विवाल्डीची रचना, क्रम ५५८, पाहावी : तींत ‘त्रोंबा मारीनाच्या तऱ्हेचीं’ दोन फिडलें आहेत. हीं वाद्यें ज्या एका घरांत एकत्र नांदत होतीं तें घर म्हणजे पिएता. ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट अशी कीं, क्रम ५५८ ची प्रत ड्रेस्डेनच्याच संग्रहांत होती. खोटें नांव व तें खोटें पाडणारा पुरावा दोन्ही एकाच ग्रंथालयांत कित्येक पिढ्या पडून होते.

‘दीक्सित दोमिनुस’ : येथें पुरावा वाद्यांचा नसून हाताच्या वळणाचा आहे. हातानें काढलेल्या अक्षराचें वळण नव्हे, तें बाल्दानाच्या लेखकाचें, रचनेचें वळण. सुरांचीं धांवतीं आवर्तनें कशीं चढतात, साथीचीं वाद्यें गायकाला कोठें एकटा सोडतात, वाक्य पुरें होतांना कोणत्या सुरावरून उतरतें, या लकबी विवाल्डीच्या निर्विवाद रचनांत जशा आढळतात तशा येथें आढळतात. टॅलबट यांनींही हा निर्णय मान्य केला. एखाद्या पदावर ‘नामा म्हणे’ असें असतांही भाषेच्या लकबीवरून तें पद नंतरच्या काळचें ठरवितात, त्याच जातीचा हा विवेक आहे. आणि तो तितकाच जपून वापरला पाहिजे. एकट्या लकबीवर निर्णय देणें धोक्याचें. परंतु तोच नकलनवीस, तेंच गिऱ्हाईक, तोच काळ आणि त्याच गठ्ठ्यांतील दोन नांवें खोटीं ठरलेलीं, अशा परिस्थितीचा पाठिंबा असतां लकबीचा पुरावा पुरेसा होतो, असें आम्हांस वाटतें.

७

येथवर कागदाचें काम झालें. पण संगीताचा कागद हा अर्धाच ग्रंथ असतो. ड्रेस्डेनमधील क्योर्नरशर झिंगफेराइन हा गायकवृंद व त्याच्या जोडीचा, जुन्या घडणीचीं वाद्यें वाजविणारा ‘ड्रेस्डनर इन्स्ट्रुमेंटाल-कोन्त्सेर्ट’ हा वाद्यवृंद, या दोहोंनीं पेटर कोप यांच्या नेतृत्वाखालीं ‘दीक्सित दोमिनुस’ची ध्वनिमुद्रिका केली, ती इ. स. २००६ सालीं बाहेर पडली. तींत या मंडळींनीं एक मार्मिक गोष्ट केली. विवाल्डीच्या स्तोत्राशेजारीं त्यांनीं गालुप्पीचीं खरोखरच गालुप्पीचीं अशीं तीन स्तोत्रें ठेविलीं. ज्यांस स्वरलिपि वाचतां येत नाहीं त्यांसही दोन हातांतील फरक कानांनीं पारखतां यावा अशी ही सोय झाली. गालुप्पीवरही हा न्यायच झाला. परक्याचें ओझें उतरल्यावर त्याचा स्वतःचा नाजूक व लाघवी आवाज स्पष्ट ऐकूं येतो.

अशाच रीतीनें इंग्लंडांतील रॉबर्ट किंग यांच्या ‘किंग्ज कन्सॉर्ट’ या मंडळीनें विवाल्डीच्या सर्व धर्मसंगीताचीं दहा ध्वनिमुद्रितें काढलीं. इटलींत रिनाल्दो आलेस्सांद्रीनी यांच्या ‘कोन्चेर्तो इतालियानो’ या वृंदानें, व तुरीनचा सर्व संग्रह ध्वनिमुद्रित करण्याच्या मोठ्या योजनेंत अनेकांनीं, हें काम पुढें नेलें.

जुन्या वाद्यांचा हा आग्रह केवळ हौसेचा आहे काय, असें कोणी विचारील. आमचें उत्तर असें. आंतड्याच्या तारा लाविलेलें फिडल पोलादी तारांच्या फिडलाइतकें कर्कश बोलत नाहीं; तें लौकर बोलतें व लौकर विरतें, म्हणून विवाल्डीचे जलद स्वर एकमेकांत न मिसळतां सुटे सुटे ऐकूं येतात. व्हेनिसची स्वरपट्टी रोमच्या पट्टीहून चढी होती. हें ठाऊक नसल्यास गायकांचे सूर कोणत्या कंठासाठीं लिहिले तें कळत नाहीं. शाल्युमोच्या जागीं क्लॅरिनेट घातली तर स्वर तेच राहतात, पण रचनाकारानें योजिलेला नाद नाहींसा होतो. आणि वर दाखविल्याप्रमाणें वाद्य हाच येथें कर्तृत्वाचा पुरावा असल्यामुळें, वाद्य बदलणें म्हणजे पुराव्यावर खाडाखोड करणें होय.

मुलींच्या आश्रमांतील ‘तेनोर’ व ‘बास्सो’ यांचा प्रश्नही अशाच प्रयोगांनीं पुढें सरकला. कागदांत चारही आवाज आहेत, त्यांत पुरुषांचे खालचेही आहेत. आणि गाणाऱ्या तर सर्व मुली. फार काळ विद्वान् म्हणत, कीं हें छापील चालीचें लेखन असावें. पण ‘दाल तेनोर’ व ‘दाल बास्सो’ हीं पदें आश्रमाच्या नोंदवह्यांत आहेत. पुढें ऑक्सफर्डकडील एका केवळ स्त्रियांच्या वृंदानें तें संगीत सर्व आवाजांसह गाऊन दाखविलें, तेव्हां तेनोरचा सूर स्त्रीकंठास अशक्य नाहीं हें सिद्ध झालें. सर्वांत खालचा सूर लिहिल्याप्रमाणें गात असत कीं एक सप्तक वर, याविषयीं मतभेद आहेत. तरी जाळीआडून येणाऱ्या त्या आवाजांची कांहीं कल्पना आज आपणांस येते, ती नोंदवही व गळा या दोहोंच्या साक्षीनें येते. एकट्या कोणाच्याही नव्हे.

८

या हकीगतींतून आपल्याकडील संग्राहकांनीं काय घ्यावें, तें थोडक्यांत सांगून हा लेख पुरा करितों.

दप्तर हातीं आलें तर तें फोडूं नये. त्यांतील ‘निरुपयोगी’ पानें वेगळीं काढूं नयेत. रुज्जेरीच्या पानांनीं काय सांगितलें तें आपण पाहिलें. क्रम तुटलेला दिसला तर दुसरा वांटेकरी शोधावा. जेंतीलींनीं तेंच केलें व अर्धें दप्तर आणखी मिळविलें. सूची करितांना पहिल्या पानावरील नांव जसेंच्या तसें उतरून घ्यावें, परंतु त्यापुढें ‘असें लिहिलें आहे’ एवढीच नोंद करावी, ‘याचें आहे’ अशी नव्हे. आणि ज्या पोथ्या गाण्याच्या आहेत त्या कपाटांतून काढून, जाणत्या गायकांच्या व वादकांच्या पुढें अवश्य ठेवाव्या.

एकाचें नांव दुसऱ्यास लावून बाल्दानानें पैसे मिळविले. दोन बापांनीं आपल्या गेलेल्या मुलांचीं नांवें लावून एका विसरलेल्या माणसास त्याचें नांव परत दिलें. कागदावर नांव घालण्याच्या या दोन तऱ्हा आहेत. संग्राहकानें आपल्या हातून कोणती घडते याचा विचार प्रत्येक नोंद करितांना करावा, इतकेंच आमचें सांगणें.